कासरा सुटला तर?

बालमित्रांनो,

वसमत तालुक्यातल्या, सहावीत शिकणाऱ्या एका मैत्रिणीचे पत्र आले आहे. तिने थर्माकोलच्या शीटचे विमान केले आहे. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चांगले तीन फूट! हाताने फेकले की अंगणापलीकडच्या लिंबाच्या झाडापर्यंत तरंगत जाते म्हणे. आता तिला ते रिमोटवर उडवायचे आहे. पत्राच्या खाली तिच्या वडिलांनी चार ओळी लिहिल्या आहेत : "गुरुजी, हळद विकली की पोरीला रिमोट घेऊन द्यावा म्हणतो. पण मोबाइलवर बघितले तर दहा प्रकार दिसतात. जो तो म्हणतो, आमचाच रिमोट लई लांब चालतो. यातला भरवशाचा कोणता, तेवढे सांगा. पैसा एकदाच येतो."

प्रश्न लाखमोलाचा आहे, हो की नाही? म्हणून आज आपल्या सदरात हाच विषय.

पण आधी थोडे बैलाविषयी बोलू. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी बैलजोडी असेल, नाहीतर आजोबांकडे होती असे तरी ऐकले असेल. गाडी हाकताना कासरा हातात धरतात. तो चुकून हातातून निसटला तर? नीट शिकवलेला बैल चार पावले जातो आणि उभा राहतो. उधळ्या बैल मात्र जो सुटतो, तो गाडीसकट थेट नाल्यात! आता सांगा बघू, घरची सगळी माणसे बसलेल्या गाडीला तुम्ही कोणता बैल जुंपाल? कासरा कधीच सुटणार नाही, अशी हमी कोणीच देऊ शकत नाही. म्हणून सुटल्यावर बैल काय करील, ते शहाणा माणूस आधी बघतो.

रिमोटचे विमान हे असेच आहे. त्याचा कासरा हवेतून जातो आणि डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. तेव्हा भरवशाचा संच कसा ओळखायचा, ते या बैलावरूनच शिकू या.

दोरीपासून लहरीपर्यंत

विमानाचा कासरा खरोखरच दोरीचा असू शकतो, बरं का! कंट्रोल लाइन नावाचा विमानांचा एक प्रकार असतो. उडवणारा मध्ये उभा राहतो, त्याच्या हातात मूठ असते आणि मुठीपासून विमानापर्यंत दोन बारीक तारा जातात. विमान त्याच्याभोवती गोल गोल फिरते. मूठ वर-खाली केली की विमान वर-खाली. एनसीसीच्या हवाई विभागातले विद्यार्थी अशी विमाने करतात आणि उडवतात. कंट्रोल लाइनमध्ये एक मोठी सोय आहे. तार डोळ्यांना दिसते, आणि ती घट्ट आहे की सैल, हे हाताला लगेच कळते.

तार नको, मोकळे उडायचे, असे म्हटले की रेडिओलहरी लागतात. दूरवरून, मध्ये तार नसताना एखादी गोष्ट करून दाखवायची गंमत आपल्या देशात फार लवकर झाली. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात लोकांसमोर प्रयोग केला. मध्ये भिंती असूनही लहरी पाठवून त्यांनी घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. पुढे १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये पाण्यातली छोटी बोट लहरींवर चालवली. बघणाऱ्यांना ती जादूच वाटली!

विमानाचा नंबर त्यानंतर लागला. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड नावाचे जुळे भाऊ होते. १९३७ साली त्यांनी आपल्या 'गफ' नावाच्या विमानात रेडिओ बसवून ते उडवले. एका भावाला विमाने करण्याचा नाद, दुसऱ्याला रेडिओचा. दोघांचे नाद एकत्र आले आणि काम झाले. ते विमान आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवले आहे.

संच म्हणजे काय काय?

आपण सगळ्याला मिळून 'रिमोट' म्हणतो. पण हातातला डबा म्हणजे अर्धाच संच. तो ट्रान्समीटर, म्हणजे सांगणारा. विमानात काडेपेटीएवढा एक डबा असतो, तो रिसीव्हर, म्हणजे ऐकणारा. रिसीव्हरला जोडलेल्या छोट्या मोटरींना सर्व्हो म्हणतात. तुम्ही दांडी जितकी हलवाल, तितकाच सर्व्होचा हात फिरतो आणि विमानाची झडप हलते. छोट्या विमानातल्या सर्व्होचे वजन नऊ-दहा ग्रॅम असते. पंखा फिरवणाऱ्या मोटरला कमी-जास्त वीज देणारा आणखी एक भाग असतो. त्याला स्पीड कंट्रोलर म्हणतात. आणि या सगळ्यांना जेवू घालणारी बॅटरी.

खोक्यावर 'चार चॅनल', 'सहा चॅनल' असे लिहिलेले असते. एक चॅनल म्हणजे एक काम. मोटरचा वेग हे एक, शेपटीवरची आडवी झडप हे दुसरे, उभी झडप हे तिसरे आणि पंखांवरच्या झडपा हे चौथे. शिकाऊ विमान तीन किंवा चार कामांत मजेत उडते. सहा चॅनलचा संच घेतला की पुढची बरीच वर्षे पुरतो. दहा-बारा चॅनलची ऐट पहिल्या विमानाला काय कामाची?

बाजारातली हाक

आता मुख्य अडचण. हवेत तुमची एकट्याचीच लहर नसते.

हिंगोलीच्या किंवा वसमतच्या मोंढ्यात हळदीचा लिलाव चालू असताना कधी गेला आहात का? एकच गलका! तरी त्या गलक्यात आईने तुमच्या नावाने हाक मारली की तुमचा कान टवकारतो. रिसीव्हरलाही असेच, गोंगाटातून आपलीच हाक ओळखावी लागते.

हे काम केवढे अवघड असते ते बघायचे असेल, तर पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावजवळच्या खोडदला जा. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणाऱ्या अगदी क्षीण रेडिओलहरी ऐकतात. जागा निवडताना तिथे माणसांनी केलेला रेडिओ-गोंगाट कमी आहे, हेही पाहिले होते. आपल्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ जी लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे, तिथे रेडिओलहरी नसून गुरुत्वीय लहरी टिपायच्या आहेत. पण शास्त्रज्ञांची डोकेदुखी तीच. खरी चाहूल कोणती आणि गोंगाट कोणता?

पूर्वीच्या रिमोटमध्ये एक स्फटिक बसवलेला असे. स्फटिकावर त्या संचाची लहर ठरायची. एकाच मैदानावर दोघांचे स्फटिक एकाच आकड्याचे निघाले आणि दोघांनी एकदम संच चालू केले, की हवेतले विमान खाली आलेच म्हणून समजा! म्हणून मैदानावर एक फळी लावत. जो उडवणार, त्याने आपल्या आकड्याची चिमटी फळीवर लावायची किंवा तिथून उचलायची, असा नियम असे. ज्याचा आकडा अडलेला, त्याने थांबायचे.

आजचे बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. म्हणजे एका सेकंदाला २४० कोटी कंपने. या संचांनी दोन युक्त्या केल्या आहेत. पहिली म्हणजे बाइंडिंग. तुमचा ट्रान्समीटर आणि तुमचा रिसीव्हर यांची एकदा ओळख करून द्यायची. मग तो रिसीव्हर दुसऱ्या कोणाचे ऐकत नाही. दुसरी युक्ती आणखी मजेची. ट्रान्समीटर एका जागेवर बोलत बसत नाही. सेकंदाला कितीतरी वेळा तो आपली लहर थोडी थोडी बदलत राहतो, आणि बदलायचा क्रम फक्त त्याच्या रिसीव्हरला माहीत असतो. दोन मित्रांनी गर्दीत ठरवून जागा बदलत कुजबुजावे, तसेच हे. एका जागी गलका झाला, तरी पुढचा शब्द दुसऱ्या जागी ऐकू येतो.

एक गणित करा बघू. रेडिओलहर सेकंदाला ३० कोटी मीटर जाते. तिला २४० कोटींनी भागले की एका लहरीची लांबी येते. किती आली? साडेबारा सेंटीमीटर. अँटेनासाठी त्याचा चौथा हिस्सा चालतो, म्हणजे तीन सेंटीमीटरच्या थोडे वर. म्हणूनच आजच्या रिसीव्हरची मिशी तुमच्या बोटापेक्षाही छोटी असते. अमेरिकेत पूर्वी ७२ मेगाहर्ट्झचे संच वापरत. त्याचा चौथा हिस्सा किती येतो, ते तुम्हीच काढा. जुन्या विमानांच्या शेपटीमागे एवढी लांब तार का लोंबत असायची, त्याचा उलगडा होईल!

मात्र २.४ गिगाहर्ट्झची लहर जरा नाजूक. ओली झाडे, पत्र्याचे शेड आणि माणसाचे अंग तिला अडवते. तेव्हा विमान नेहमी डोळ्यांसमोर, मोकळ्या रानावरच हवे. आणखी एक. अँटेनाच्या टोकातून लहर फारशी निघत नाही, बाजूने निघते. म्हणून बंदुकीसारखा नेम धरून अँटेना विमानावर रोखायचा नाही, आडवा ठेवायचा. रिसीव्हरला दोन मिश्या असतील, तर त्या एकमेकींशी काटकोन करून चिकटवायच्या. म्हणजे विमान कसेही वळले, तरी एकीला तरी हाक ऐकू येते.

हाक बंद पडली तर?

आता आपला बैल पुन्हा आठवा. एवढे सगळे करूनही एखादे वेळी हाक पोचत नाही. विमान फार दूर गेले, मध्ये झाड आले, ट्रान्समीटरचे सेल उतरले... कारण काही असो. त्या क्षणी विमान काय करते?

साध्या किंवा नीट न लावलेल्या संचात रिसीव्हर शेवटचा हुकूम धरून बसतो. शेवटचा हुकूम 'मोटर पूर्ण जोरात' असा असेल, तर विमान त्याच जोरात सरळ जात राहते. पुढे शाळा असो, रस्ता असो नाहीतर खळ्यावर बसलेली माणसे असोत. हा झाला उधळ्या बैल.

चांगल्या संचात फेलसेफ नावाची सोय असते. हाक बंद झाली रे झाली, की रिसीव्हर आपण आधी शिकवून ठेवलेले काम करतो. शिकाऊ विमानाला शिकवायचे ते एवढेच : मोटर बंद, झडपा साधारण मध्यावर. म्हणजे विमान तरंगत, जवळपासच खाली येते. त्याचे नाक मोडेल, पंख मोडेल. मोडू द्या. थर्माकोल चिकटवता येतो. माणसाचा डोळा चिकटवता येत नाही.

लक्षात ठेवा, फेलसेफची सोय आहे एवढ्याने भागत नाही. पुष्कळ संचांत ती असते, पण लावून येत नाही. माहितीपुस्तिका वाचून आपल्यालाच ती लावावी लागते. बैल घरी आणला म्हणजे तो शिकलेलाच असतो, असे थोडेच आहे?

मेनार्ड हिल नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी या बाबतीत कमाल केली. २००३ सालच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या छोट्या विमानाने अटलांटिक महासागर ओलांडला! विमानाचे वजन पाच किलोच्या आत. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरून निघाले आणि सुमारे ३९ तासांनी आयर्लंडमध्ये उतरले. अंतर ३,००० किलोमीटरच्या वर. त्या वेळी हिल ७७ वर्षांचे होते आणि त्यांना नीट दिसतही नव्हते. आधी पाठवलेली विमाने समुद्रात गेली होती, तरी ते थांबले नाहीत. आणि त्यांनी एवढ्या ताकदीचा रिमोट आणला तरी कुठून? गंमत म्हणजे त्यांनी तसा आणलाच नाही! उडताना आणि उतरताना तेवढे विमान रिमोटवर होते. मधला सगळा समुद्र त्याने स्वतःच्या यंत्रणेवर, उपग्रहांवरून आपली जागा ओळखत पार केला. रिमोट समुद्रापलीकडे पोचणार नाही, हे हिल यांना पक्के ठाऊक होते. म्हणून कासरा सुटल्यावर विमानाने काय करायचे, ते त्यांनी आधीच शिकवून ठेवले.

तेव्हा खोक्यावर 'एक किलोमीटर', 'दोन किलोमीटर' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले वाचून हुरळून जाऊ नका. तीन फुटांचे विमान तीनशे मीटरवर गेले, की ते येते आहे की जाते आहे हेसुद्धा डोळ्यांना कळत नाही. मग दोन किलोमीटरचे करायचे काय?

उपाशी रिसीव्हर

हौशी माणसे विमान पडले की पटकन म्हणतात, "सिग्नल गेला." खरे तर अनेकदा सिग्नल जागेवर असतो, वीज गेलेली असते. छोट्या विमानात रिसीव्हर आणि सर्व्हो यांना सुमारे पाच व्होल्ट वीज लागते. ती बहुधा स्पीड कंट्रोलरमधूनच येते. सर्व्हो अडकला, किंवा सगळे सर्व्हो एकदम जोर लावू लागले, की क्षणभर वीज कमी पडते आणि रिसीव्हरला चक्कर येते. शुद्धीवर येईपर्यंत विमान जमिनीवर! म्हणून झडपा बोटाने हलवून बघा, अगदी सहज हलल्या पाहिजेत. प्लग घट्ट बसलेले हवेत. वायर कुठे सोललेली नको.

विमानात लिथियम पॉलिमर बॅटरी वापरतात. तिच्या एका घराचे व्होल्टेज पूर्ण भरल्यावर ४.२ असते. ३.५ च्या आसपास आले की उतरायचे, ओढून ताणून वापरायची नाही. ही बॅटरी चुकीच्या रीतीने चार्ज केली तर पेट घेते. म्हणून तिच्यासाठीचाच चार्जर वापरायचा, घरातले मोठे माणूस शेजारी हवे, गादीवर किंवा कडब्याजवळ चार्जिंगला लावायची नाही, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. नाही म्हणजे नाही!

दुकानदाराला सात प्रश्न

फुटाबा, स्पेक्ट्रम, फ्लायस्काय, रेडिओमास्टर अशी नावे तुम्हाला दिसतील. नावावर जाऊ नका. एकाच नावाखाली साधे आणि भारी असे दोन्ही संच असतात. कागद घ्या आणि हे प्रश्न लिहून दुकानदाराला विचारा.

१. फेलसेफ आहे का? मोटरचे वेगळे लावता येते का?

२. संच २.४ गिगाहर्ट्झचा आहे का? आपल्या देशात या पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या उपकरणांना २००५ पासून वेगळा परवाना लागत नाही. परदेशात चालणारे ९१५ मेगाहर्ट्झचे संच काही जण मागवतात. त्या वाटेला जाऊ नका. जुना, स्फटिकाचा संच कोणी स्वस्तात देऊ केला, तर तोही नको.

३. रिसीव्हर सुटा मिळतो का? विमान हरवले, तर पूर्ण संच नव्याने घ्यावा लागू नये.

४. ट्रान्समीटरचे सेल उतरू लागले की तो ओरडून सांगतो का? विमानातल्या बॅटरीचा आकडाही हातातल्या पडद्यावर दाखवत असेल, तर उत्तम.

५. रेंज तपासायची सोय आहे का? म्हणजे मुद्दाम ताकद कमी करून जवळूनच परीक्षा घेता येते.

६. मोड कोणता? मोड दोनमध्ये मोटरची दांडी डाव्या हाताला असते, मोड एकमध्ये उजव्या. चांगला-वाईट असा प्रकार नाही. जो तुम्हाला शिकवणार, त्याचा जो मोड, तोच तुमचा.

७. संगणकाला जोडून सिम्युलेटरवर सराव करता येतो का? पडद्यावर विमान शंभर वेळा पडले, तरी एक पैसा लागत नाही.

सातांपैकी पहिल्याच प्रश्नाला "नाही" असे उत्तर आले, तर पुढचे सहा विचारू नका. "धन्यवाद काका," म्हणा आणि या!

रानात गेल्यावर

उत्तम संचही तपासल्याशिवाय भरवशाचा नाही. म्हणून उडवायच्या दिवशी, दर वेळी, हे करायचेच.

आधी हातातला ट्रान्समीटर चालू करा, मग विमानाची बॅटरी जोडा. उतरल्यावर उलट : आधी विमान बंद, मग हातातला. म्हणजे विमान कधीच हाकेशिवाय जागे राहत नाही.

झडपा बरोबर दिशेला हलतात ना, बघा. दांडी उजवीकडे आणि झडप भलतीकडे, अशी पुष्कळ विमाने पहिल्याच उड्डाणात गेली आहेत.

मग फेलसेफ. घरीच, पुढचा पंखा काढून ठेवून, मोटर हळू फिरवा आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली पाहिजे. नाही थांबली, तर त्या दिवशी विमान घरीच. पंखा लावलेला असताना ही परीक्षा हातात धरून करायची नाही. फिरता पंखा बोट कापतो.

शेवटी रेंज. ताकद कमी करायचे बटण दाबून तीस पावले दूर जा. तुमच्या पुस्तिकेत दुसरा आकडा असेल, तर तो पाळा. विमान मोठ्या माणसाने मागून पक्के धरावे. झडपा न अडखळता हलल्या पाहिजेत, मोटर बंद असताना आणि चालू असतानाही.

पालकांसाठी

दादा, ताई, काका, आता तुमच्याशी दोन शब्द.

पैसे कमी असतील, तर ते विमानावर न घालता संचावर घाला. पहिले विमान पडणारच. ते थर्माकोलचे, घरी केलेलेच बरे. संच नीट वापरला तर दहा विमानांना पुरतो. आणि यंदा हळदीला भाव नाही मिळाला, तर पोरीला तसे सरळ सांगा. हाताने फेकायचे विमान आणि रबराच्या पिळावर उडणारे विमान यांतून उडण्याचे सगळे शास्त्र शिकता येते. रिमोट पुढच्या वर्षी आला, तरी शिकलेले वाया जात नाही.

आणखी एक गोष्ट कायद्याची. भारतात ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. २५ किलोपर्यंतचे, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी, डोळ्यांसमोरच उडवायचे विमान त्यात 'मॉडेल' या प्रकारात येते. कुठे उडवायचे, यासाठी सरकारने देशाच्या नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग केले आहेत. हिरव्या भागातसुद्धा वर जायची मर्यादा ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर. विमानतळाजवळच्या गावांनी, उदाहरणार्थ नांदेडच्या आसपासच्यांनी, आधी नकाशा बघावा. नियम बदलत असतात, म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ताजे नियम वाचूनच खरेदी करा.

रान निवडताना विजेच्या तारा बघा. विमान तारेवर अडकले, तर काठी घेऊन कोणीही वर चढायचे नाही. लाइनमनला बोलवा. तो नाही आला, तर विमान तिथेच राहू द्या. औंढ्याची जत्रा, आठवडी बाजार, शाळा सुटायची वेळ, अशा गर्दीवरून विमान न्यायचे नाही. आणि मूल उडवत असताना एक मोठे माणूस शेजारी उभे हवे, मोबाइल खिशात ठेवून!

या आठवड्याचा उद्योग

बालमित्रांनो, संच घ्यायला वेळ आहे. तोपर्यंत रेडिओशिवाय रेडिओचा खेळ खेळू या. एकाच्या डोळ्यांना पट्टी बांधा. तो विमान. दुसरा दूर उभा राहून "डावीकडे", "उजवीकडे", "सरळ" असे सांगेल. तो ट्रान्समीटर. बाकीच्यांनी ताटल्या वाजवून गोंगाट करायचा. विमानाने फक्त आपल्या जोडीदाराचा आवाज ओळखून चालायचे.

नियम एकच. हाक ऐकू आली नाही, की मनात "एक, दोन" म्हणायचे आणि आहे तिथे उभे राहायचे. जो अंदाजाने पुढे जाईल, तो बाद! पटांगणावर दगड, खड्डे नाहीत ना, ते आधी बघून घ्या.

कोणती जोडी जिंकली आणि कशामुळे, ते पोस्टकार्डावर लिहून कळवा. अमेरिकेतल्या जुन्या संचांच्या अँटेनाचे गणितही सोडवून पाठवा. आमच्या वसमतच्या मैत्रिणीने विमानाचे चित्र पाठवायचे आहे, शेपटीच्या मापांसकट. पुढच्या आठवड्यात आपण सर्व्हो उघडून आतले दात मोजणार आहोत.

तुमचे,
गुरुजी